बाकी काय?

वाड्याच्या कागदावर सतरा सह्या लागणार होत्या.

नाशिकमधल्या तिवंध्याच्या मागच्या गल्लीतला आमचा वाडा. आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला, दोन चौकांचा, पुढे ओटा, मागे न्हाणी आणि बुजवलेली विहीर. आजोबा १९७१ मध्ये गेले, मृत्युपत्र न करता. आजी त्यांच्या आधीच गेलेली. चार मुलगे आणि एक मुलगी, म्हणजे सरळ पाच हिस्से. पण वाडा बिल्डरला द्यायचं ठरेपर्यंत पन्नास वर्षं उलटली होती आणि पाचांपैकी चार जण उरले नव्हते. मोठ्या काकांच्या मागे काकू आणि दोन मुलं. मधल्या काकांच्या मागे चौघं. माझ्या वडिलांच्या मागे आई, भाऊ आणि मी. आत्याची सहा मुलं, तीही चार गावांत पांगलेली. धाकटे काका तेवढे खणखणीत, पंच्याऐंशीव्या वर्षीही सकाळी गंगेवर जाऊन येणारे. (बाहेरच्यांसाठी सांगते, नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.)

मी दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. त्यामुळे वकिलांनी केलेला हिश्शांचा तक्ता तपासायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. एक पंधरांश, एक विसांश, एक पंचमांश, एक तिसांश. १५, २०, ५, ३० यांचा लसावि ६०. वाड्याचे साठ भाग करायचे: काकूंच्या घरात प्रत्येकी चार, मधल्यांकडे प्रत्येकी तीन, आमच्याकडे चार-चार, धाकट्या काकांचे एकट्याचे बारा, आत्याच्या मुलांचे दोन-दोन. बेरीज साठ. कुठे काही उरत नाही, कुठे काही कमी पडत नाही. लसावि हा प्रकार खऱ्या आयुष्यात कुठे लागतो असं दरवर्षी एक तरी पोरगं विचारतं. या वर्षी मी त्याला वाड्याची गोष्ट सांगितली. त्याने दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घराचा तक्ता करून आणला आणि त्याच्या आईचा मला फोन आला, की बाई, हे असलं काही शिकवू नका.

तक्त्याच्या माथ्यावर वकिलांनी लिहिलं होतं, ‘संयुक्त मालकीची मिळकत’. मी त्या शब्दावर अडकले. कारण त्याच दिवशी सकाळी मी फळ्यावर लिहून आले होते, ‘संयुक्त संख्या’.

हिंदीच्या पुस्तकात मुलं भाज्य आणि अभाज्य म्हणतात. भाग जाणारी आणि भाग न जाणारी, रोखठोक. मराठीने मात्र एकीला मूळ म्हटलं आणि दुसरीला संयुक्त. हिंदीवाल्यांना ती संख्या तुटताना दिसते, आपल्याला ती जुळलेली दिसते. संयुक्त संख्या म्हणताना आपण संयुक्त कुटुंब म्हणतो तोच शब्द वापरतो, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्याही पंचवीस वर्षांत आलं नव्हतं.

साठ ही संयुक्त संख्यांमधली मोठी मनमिळाऊ. एकपासून सहापर्यंत सगळ्यांनी तिला नि:शेष भाग जातो, वर दहा, बारा, पंधरा, वीस, तीस. तिच्यापेक्षा लहान कुठल्याही संख्येला इतके विभाजक नाहीत. अशा संख्यांवर रामानुजनने १९१५ मध्ये मोठा निबंध लिहिला आणि त्यांची यादीही दिली. २, ४, ६, १२, २४, ३६, ४८, ६०, १२० अशी सुरू होऊन ती यादी ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत जाते. हाताने केलेल्या त्या लांबलचक यादीत एकच संख्या निसटली आहे, २,९३,३१,८६,२५,६००. चूक शोधणाऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला होता, आणि रामानुजनवर माझा जीव त्या एका चुकीमुळे जास्त जडला.

आमच्या घरात मात्र आधी साठ नव्हते, सोळा होते. आजोबा गेल्यावर मोठ्या काकांनी एका पाठकोऱ्या कागदावर हिस्से मांडले होते ते आणेवारीत. नवे पैसे येऊन चौदा वर्षं झाली होती, पण हिस्सा म्हटला की त्या पिढीला आणे-पैच सुचायचे. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे १९२ पै. एकशेब्याण्णवला दोनाने सहा वेळा भाग जातो, तिनाने एकदा. निम्मा, पाव, अर्धपाव, तिसरा हिस्सा, काहीही मागा. फक्त पाच मागू नका. पाच भावंडांना प्रत्येकी तीन आणे दोन पै, आणि खाली दोन पै उरतात. तो कागद माझ्याकडे आहे. सगळ्यांत खाली काकांच्या बारीक अक्षरात लिहिलंय: ‘बाकी २ पै. कोणाच्या?’

हा आमच्याकडे पुढे वाक्प्रचार झाला. कुणी कुरबुर केली, कुणी ताटात जास्त वाढून घेतलं, की कुणीतरी म्हणायचं, ‘घे, त्या दोन पै पण तूच घे.’

मोठे काका नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. इथे ‘प्रेसमध्ये’ म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या मनात येत नाही. १९२८ पासून नोटा छापणारा कारखाना, आणि त्याच्या शेजारी मुद्रांक नि तिकिटं छापणारा दुसरा. काकांचं काम नंबर तपासण्याचं. दिवसभर सहा आकडी नंबर डोळ्यांपुढून जायचे, एकापुढे एक, एकही गाळायचा नाही. खराब नोटेच्या जागी तारा छापलेली नोट घालायची सोय २००६ मध्ये आली. काकांच्या काळात शंभराच्या पाकिटात शंभर नंबर ओळीने हवे म्हणजे हवे. असं काम केलेल्या माणसाने घरी येऊन आकड्यांकडे पाठ फिरवली असती तर ते समजण्यासारखं होतं. काका घरी आले की आम्हा पोरांना एकेक नोट द्यायचे आणि म्हणायचे, ‘ही न मोडता फोडून दाखव.’ नंबराचे अवयव पाडायचे. जो सगळे मूळ अवयव काढेल त्याला चार आणे.

चार आणे मिळवायच्या नादात आम्ही सगळ्या कसोट्या शिकलो. दोन, तीन, पाच, नऊ, अकरा सोपे. गाडं सात आणि तेरापाशी रुतायचं. पहिल्यांदा मी फसले ती ९१ वर. सम नाही, अंकांची बेरीज दहा, शेवटी पाच नाही. मी छातीठोकपणे सांगितलं, मूळ आहे. काकांनी फक्त तेराचा पाढा म्हणायला लावला. तेरा सत्ते एक्याण्णव. तोंडपाठ होता, रोज संध्याकाळी परवचा म्हणताना म्हणायचे, पण तो पाढा आणि ही संख्या एकाच घरात राहतात हे माझ्या गावीही नव्हतं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला त्या वयात जादूसारखं वाटलं. म्हणाले, ‘समज तुला तेराचा पाढा येतच नाही. तरी एक्याण्णव मूळ नाही हे मी तुला दाखवतो. आणि तिचे अवयव कोणते ते सांगणारही नाही.’

फर्मा नावाच्या फ्रेंच माणसाने सतराव्या शतकात एक नियम सांगितला होता. मूळ संख्या घ्या, समजा ७. तिच्यातून एक वजा करा, सहा. दोनाचा सहावा घात ६४, त्याला सातने भागलं की बाकी एक. ११ घ्या, दोनाचा दहावा घात १०२४, अकराने भागा, बाकी एक. दोन सोडून कुठल्याही मूळ संख्येला हे लागू पडतं. आता ९१. दोनाचा नव्वदावा घात करायचा. ऐकायला अवघड, पण बाकीपुरतंच बघायचं असेल तर सोपं. दोनाचा बारावा घात ४०९६. एक्याण्णव पंचेचाळीस ४०९५. बाकी एक. म्हणजे दर बारा घातांनी आपण परत एकवर येतो. नव्वदात बारा सात वेळा जातात, सहा उरतात. दोनाचा सहावा घात ६४. बाकी ६४ आली, एक नाही. म्हणून एक्याण्णव मूळ नाही, संयुक्तच आहे. आणि या सगळ्यात सात कुठे आले नाहीत, तेरा कुठे आले नाहीत.

‘तुटते हे कळलं. कुठे तुटते हे कळलं नाही,’ काका म्हणाले. ‘या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बरं का.’

मी आजही फळ्यावर हे करून दाखवते तेव्हा वर्गात एक-दोन चेहरे तरी असे होतात, की कुणीतरी त्यांच्या खिशातून पाकीट काढून परत ठेवलंय.

ही कसोटी मात्र एकाच बाजूची आहे. बाकी एक आली नाही तर संख्या नक्की संयुक्त. बाकी एक आली तर? तर काहीच नक्की नाही. काही संयुक्त संख्या बेमालूम सोवळं नेसून पंगतीला बसतात. १७२९ ही त्यातली. गणितज्ञ हार्डी रामानुजनला भेटायला गेला त्या टॅक्सीचा नंबर म्हणून ती सगळ्यांना ठाऊक, दोन घनांच्या बेरजेत दोन तऱ्हांनी मांडता येणारी सगळ्यांत लहान संख्या. ती ७ × १३ × १९ आहे, उघड उघड संयुक्त. पण फर्माची कसोटी लावा, बाकी एक. दोन घ्या, तीन घ्या, पाच घ्या. सात, तेरा, एकोणीस यांच्या पटीतलं काही घेतलं नाही, तर दर वेळी एक. अशा सोंगाड्या संख्या संपतच नाहीत, त्या अनंत आहेत, हे १९९४ मध्ये सिद्ध झालं.

आणि १७२९ चे अंक मिळवा: एकोणीस. एकोणीस उलटा करा: एक्याण्णव. एकोणीस गुणिले एक्याण्णव, १७२९. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ हे नाव ज्यांनी दिलं ते इथून जवळच राहायचे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. डहाणूत जन्म, फर्ग्युसनमधून पदवी, आणि १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. पुढची पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. काकांना त्यांच्या हाताखाली शिकायला मिळालं नाही, याची त्यांना शेवटपर्यंत हळहळ होती. ६१७४ आता सगळ्या जगाला माहीत आहे. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत, उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करत राहा, सात पायऱ्यांच्या आत ६१७४ वर येऊन थांबाल. मला त्याहून आवडतं ते हे, की ६१७४ स्वतःही हर्षद आहे. अंकांची बेरीज अठरा, आणि अठराने भागलं की ३४३, म्हणजे साताचा घन. डोंबिवलीच्या स्टेशनावर सुचल्या म्हणून त्यांनी काही संख्यांना डेम्लो नाव दिलं, कारण त्या स्टेशनाचं जुनं नाव ते होतं. नऊ एक ओळीने लिहून वर्ग करा, १२३४५६७८९८७६५४३२१ येतात. सतरा आकडी संख्या, दिसायला दिवाळीच्या रांगोळीसारखी, आणि आतून ३, ३७ आणि ३३३६६७ यांच्या घातांची जुळणी. ज्या संख्या दुसऱ्या कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून बनवता येत नाहीत, १, ३, ५, ७, ९, २०, ३१ अशा, त्यांना ते स्वयंभू म्हणायचे. त्र्यंबकेश्वराच्या पंचक्रोशीतल्या माणसाला हाच शब्द सुचणार. याच संख्यांना देवळाली संख्या असंही नाव आहे. जाता जाता सांगते, नाशिक शहराचा पिनकोड ४२२००१ हर्षद आहे. देवळाली कॅम्पाचा ४२२४०१ नाही. मास्तरांना कळलं असतं तर हसले असते.

या सगळ्या गोष्टीत मोठी संख्या अजून आलीच नाही. ती काकांकडे १९८८-८९ च्या सुमारास आली, निवृत्तीच्या वर्षी. सार्वजनिक वाचनालयात, आमच्या सावानात, त्यांनी कुठल्याशा विज्ञानाच्या अंकात चार ओळी वाचल्या आणि त्या उतरवून आणल्या.

त्याच फर्माची गोष्ट. दोन घ्या, वर्ग करा, त्याचा वर्ग, त्याचा वर्ग, आणि दर वेळी एक मिळवून बघा. ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही मूळ. फर्माला १६४० मध्ये वाटलं की या ओळीतल्या सगळ्याच मूळ असणार. सहावी संख्या ४२९४९६७२९७, मोबाइल नंबराएवढी दहा आकडी. तिच्यापाशी जवळजवळ शतकभर कुणी हात लावला नाही. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने ती फोडली: ६४१ × ६७००४१७. त्याने काही एक-दोन-तीन करत सगळे भाजक लावून पाहिले नाहीत. या कुळातल्या संख्यांचे विभाजक ठरावीक साच्याचेच असतात हे त्याने ओळखलं, आणि पुढे ल्युकासने १८७८ मध्ये तो साचा आणखी घट्ट केला. या सहाव्या संख्येचा जो कुणी विभाजक असेल, त्याला १२८ ने भागलं की बाकी एक उरलीच पाहिजे. मग उमेदवार किती? १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. पाचव्या हाकेला ओ आली.

ओ आली हे तपासायलाही दहा आकडी भागाकार नको. ६४१ च्या बाकीत फक्त वर्ग करत जायचे. दोनाचे चार, चाराचे सोळा, सोळाचे २५६. २५६ चा वर्ग ६५५३६, त्याला ६४१ ने भागलं की उरतात १५४. १५४ चा वर्ग २३७१६, उरतात ६४०. पाच पायऱ्या झाल्या आणि बाकी भाजकापेक्षा नेमकी एकाने कमी. वर एक मिळवला की ६४१, म्हणजे नि:शेष. एवढंच. कागदाच्या पाठीवर मावतं.

काकांनी उतरवून आणलं होतं ते याच ओळीतल्या विसाव्या क्रमांकाच्या संख्येबद्दल. सुरुवातीच्या तीनला शून्यावी धरायची, म्हणजे ६५५३७ चौथी, ऑयलरने फोडली ती पाचवी, आणि ही विसावी. दोनाचा १०,४८,५७६ वा घात, अधिक एक. ही संख्या लिहायची म्हटली तर ३,१५,६५३ अंक लागतात. एका पानावर हजार अंक बसवले तर दोनशे पानी वही भरून दुसरी निम्म्याच्या वर जाईल. शेवटचा अंक सात, एवढं मी तुम्हाला न लिहिता सांगू शकते, कारण पहिल्या दोन सोडल्या तर या कुळातली प्रत्येक संख्या सातावरच संपते. ती तिनाने तुटत नाही, पाचाने नाही, सातानेही नाही. आपल्या आधीच्या कुणाशीही तिचा एकसुद्धा समान विभाजक नाही. सख्ख्या बहिणींचा मसावि एक.

१९८७ मध्ये यंग आणि ब्युएल या दोघांनी सुपरकॉम्प्युटरवर दाखवलं की ही संख्या संयुक्त आहे. पेपँ नावाच्या गणितज्ञाने १८७७ मध्ये खास या कुळासाठी कसोटी दिली होती. तीन घ्यायचे, वर्ग करायचा, बाकी घ्यायची, पुन्हा वर्ग. सतरासाठी तीनच पायऱ्या: नऊ, तेरा, सोळा. सोळा म्हणजे सतराला एक कमी, म्हणून सतरा मूळ. इथे फसवाफसवी नाही, निकाल दोन्ही बाजूंनी पक्का. विसाव्या संख्येसाठी पायऱ्या १०,४८,५७५, आणि प्रत्येक पायरीला तीन लाखांवर अंकांचा वर्ग. शेवटी जी बाकी आली ती एकाने कमी नव्हती. म्हणून संयुक्त.

आणि तिचे अवयव? एकही माहीत नाही. तेव्हाही नव्हता, आजही नाही. ती तुटते हे पक्कं ठाऊक, पण जगातल्या कुठल्याही माणसाने वा यंत्राने तिचा एक तुकडा अजून पाहिलेला नाही. चोविसावी अशीच आहे, पन्नास लाखांवर अंकांची, १९९९ पासून. चौदावी संयुक्त आहे हे साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच कळलं होतं, तिचा पहिला अवयव सापडला २०१० मध्ये. चोपन्न आकडी. काका २००८ मध्ये गेले. दोन वर्षं थांबले असते तर पेढे वाटले असते.

त्याच १९८७ मध्ये आमच्या वाड्यात दुसरी चूल झाली. आता हे मी इथे लिहितेय खरं, पण काकांनीच मला झापलं असतं. ‘दोन आकडे सारखे आले म्हणून त्यांचं नातं लागत नाही, बाई.’ तरी मला ते जोडूनच आठवतं. घर फुटणार हे त्याआधी चार-पाच वर्षं सगळ्यांना माहीत होतं. गॅसचा नंबर कुणाच्या नावावर, वरच्या माळवदाची दुरुस्ती कुणी करायची, गणपतीची वर्गणी किती, प्रत्येक हिशेबात काहीतरी उरत होतं. पण कुठून फुटणार हे कुणाला सांगता आलं नसतं. आम्हाला वाटायचं धाकटे काका वेगळे होतील, कारण तेच सगळ्यांशी भांडायचे. वेगळे झाले ते मधले, ज्यांचा आवाज आम्ही कधी चढलेला ऐकला नव्हता. एके दिवशी मधल्या काकूंनी मागच्या चौकात स्टोव्ह आणून ठेवला. आई त्या रात्री पोळ्या करताना सवयीने त्यांच्या घरच्याही करत गेली आणि शेवटी बारा पोळ्या उरल्या.

मोठे काका त्या दिवशी काही बोलले नाहीत. निवृत्तीनंतर मात्र त्यांनी एक शंभर पानी वही आणली.

विसाव्या संख्येचा विभाजक असेल तर त्याला ४१,९४,३०४ ने भागून एक उरायला हवा, हा तिचा कुळाचार. म्हणजे पहिला उमेदवार ४१,९४,३०५, दुसरा ८३,८८,६०९, तिसरा १,२५,८२,९१३, असे पुढे पुढे. उमेदवार स्वतः मूळ नसेल तर सोडून द्यायचा. मूळ वाटला तर त्याच्या बाकीत दोनापासून वीस वेळा वर्ग. पहिल्या चार पायऱ्या पाठच असतात: चार, सोळा, २५६, ६५५३६. उरल्या सोळा, हाताने. विसाव्या पायरीला भाजकाला एक कमी आला तर तुम्ही जगात कुणाला न सापडलेली गोष्ट सापडवली.

यातून काही निघणार नाही हे काकांना कळत होतं का? कळत होतं. मोठमोठी यंत्रं या वाटेवरून कधीच पुढे गेली होती, छोट्या भाजकांमध्ये काही असतं तर ते पहिल्या दिवशीच मिळालं असतं. मी एकदा हे बोलून दाखवलं तेव्हा त्यांनी मान न वर करता विचारलं, ‘तू मिसळ खायला जातेस ती पोट भरायला जातेस का?’

मोठ्या संयुक्त संख्यांचं हे तुटणं-न तुटणं आता आपल्या खिशात आलं आहे. दोन मोठ्या मूळ संख्या गुणणं यंत्राला क्षणाचं काम, गुणाकारावरून त्या दोन परत काढणं मात्र महाकठीण. इंटरनेटवरच्या कुलपांपैकी बरीचशी या एका अडचणीवर उभी आहेत. १९७५ च्या मार्चमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या सदरातून कापरेकरांची ओळख जगाला करून देणारा मार्टिन गार्डनर, त्यानेच १९७७ मध्ये त्याच मासिकातल्या सदरात १२९ आकडी संयुक्त संख्या छापून ती फोडायचं आव्हान लोकांपुढे ठेवलं होतं. फुटली १९९४ मध्ये, जगभरच्या सुमारे सहाशे जणांची यंत्रं कामाला लावून. ६१७ आकडी एक अजून कुणाला फुटलेली नाही. आणि संख्या मूळ की संयुक्त एवढंच विचाराल, तर ते झटपट आणि खात्रीने सांगणारी पद्धत २००२ मध्ये आपल्या कानपूरच्या आयआयटीत तिघांनी शोधली, अग्रवाल, कयाल आणि सक्सेना. म्हणजे काकांच्या दोन वेगळ्या गोष्टी अजूनही वेगळ्याच आहेत: पहिलीला उत्तर आहे, दुसरीला चांगलं उत्तर आहे की नाही हेच ठरलेलं नाही.

सह्यांच्या दिवशी सोळा जण आले, सतराव्याचं मुखत्यारपत्र आलं. बाकावर बसल्या बसल्या आत्याच्या नागपूरच्या मुलाने विचारलं, ‘बाकी काय?’ मराठी माणूस हे का विचारतो कोण जाणे. सगळं बोलून झाल्यावर, भागाकार संपल्यावर विचारावं तसं. मी म्हटलं, दोन पै. त्याला कळलं नाही. तो वाड्यात वाढला नव्हता.

वाडा रिकामा करताना याद्या झाल्या. पितळेचा बंब, पाट, झोपाळ्याच्या कड्या, देव, जातं. प्रत्येकापुढे एकेक नाव. काकांच्या वह्या कुठल्याच यादीत नव्हत्या. त्या कोनाड्यात होत्या, मी विचारलं, काकू म्हणाल्या, ‘ने की. रद्दीवालाही घेणार नाही.’

पहिल्याच पानावर पहिले दहा उमेदवार ओळीने लिहिलेत, दहाही खोडलेले, आणि पुढे प्रत्येकाला कापणारी संख्या: ५, ३, ७, ९७, ३, ५, ३७, ३, १३, ७. दहात एकही मूळ निघाली नाही. मी सगळ्या तपासल्या, बरोबर आहेत. ती ९७ त्यांना किती वेळाने सापडली असेल असं वाटून मी त्या पानावर जरा थांबले. पुढे पानामागून पान वर्ग, भागाकार, बाकी. बहुतेक पानांच्या तळाशी एक आडवी रेघ आणि ‘नाही’. कधी ‘नाही. पाऊस.’ एकदा ‘नाही. गंगेला पूर, मारुतीच्या छातीला पाणी.’

शेवटच्या पानावर चौदा पायऱ्या आहेत. विसांपैकी चौदा. अक्षर थरथरलंय. मी गेल्या रविवारी बसून उरलेल्या सहा करायला घेतल्या, पण आधी वरच्या तपासाव्यात म्हणून तपासल्या, आणि नवव्या पायरीच्या गुणाकारात हातचा एक विसरलेला निघाला. म्हणजे तिथून खालचं सगळंच चुकीचं. मी नववीपासून पेन्सिलीने पुन्हा केलं, विसापर्यंत आणलं. बाकी भाजकाच्या जवळपासही नव्हती. खाली रेघ मारली आणि ‘नाही’ लिहिलं.

काकूंना फोन करून सांगितलं, की काकांचा हातचा राहिला होता. त्या म्हणाल्या, ‘वाण्याच्या हिशेबातसुद्धा राहायचा. मी कधी बोलले नाही.’